हॅन्सन यांची ‘रोमँटिक’ सिंफनी हॉर्नवाल्यांना एवढी का आवडते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी एका हौशी ऑर्केस्ट्रात तिसरा हॉर्न वाजवतो. अमेरिकेत नोकरीसाठी आलो आणि तिशीनंतर हे वाद्य हाती घेतलं. हॅन्सन यांच्या दुसऱ्या सिंफनीबद्दल मी इतक्या जणांशी इतक्या वेळा बोललोय, की तेच ते प्रश्न एकत्र लिहून काढावेत असं वाटलं. विचारणाऱ्यांत सोबतचे वादक आहेत, पुण्यातले मित्र आहेत, आणि ‘तू वाजवतोस ते नक्की काय असतं?’ असं विचारणारी माझी मावशीही आहे. म्हणून उत्तरं सगळ्यांना कळतील अशी लिहिली आहेत.

ही सिंफनी नेमकी कोणती?

हॉवर्ड हॅन्सन या अमेरिकी संगीतकाराची दुसरी सिंफनी (सिंफनी म्हणजे पूर्ण ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेली, अनेक भागांची मोठी रचना), ओपस म्हणजे रचना क्रमांक ३०. ‘रोमँटिक’ हे नाव तिला त्यांनी स्वतःच दिलं. बॉस्टन सिंफनी ऑर्केस्ट्राची स्थापना १८८१ची. १९३०-३१च्या पन्नासाव्या हंगामासाठी तिथले संचालक सर्गेई कुसेवित्स्की यांनी बऱ्याच संगीतकारांकडून नव्या रचना मागवल्या. स्ट्राविन्स्की यांची ‘सिंफनी ऑफ साम्स’, रूसेल यांची तिसरी सिंफनी, प्रोकोफिएव्ह यांची चौथी, हिंडेमिथ यांची तंतुवाद्यं आणि ब्रास म्हणजे पितळी फुंकवाद्यांसाठीची रचना, या सगळ्या त्याच मागणीतून आल्या. हॅन्सन यांची ‘रोमँटिक’ही त्यातलीच. २८ नोव्हेंबर १९३० रोजी बॉस्टनमध्ये कुसेवित्स्की यांनी ती पहिल्यांदा सादर केली. तिचे तीन भाग आहेत आणि सगळी मिळून साधारण २८ मिनिटं लागतात.

‘रोमँटिक’ म्हणजे ब्रुकनरची ना?

नाही, पण हा घोटाळा वारंवार होतो. आंटोन ब्रुकनर यांची चौथी सिंफनीही ‘रोमँटिक’ म्हणून ओळखली जाते, आणि योगायोग असा की तिची सुरुवातच एकट्या हॉर्नने होते. तंतुवाद्यांचा हलका थरथरता पडदा आणि त्यावर लांबून आल्यासारखी हॉर्नची हाक. त्यामुळे ‘रोमँटिकमधला हॉर्न’ म्हटलं की युरोपात शिकलेल्या वादकाला आधी ब्रुकनर आठवतो. जगभर वाजते तीही ब्रुकनरचीच. दोन्ही वाजवलेल्या वादकाला फरक लगेच सांगता येतो. ब्रुकनरचा हॉर्न जंगलातून येतो. हॅन्सन यांचा हॉर्न माणसांच्या घोळक्यात, मधोमध उभा असतो.

हॉर्न म्हणजे आपली तुतारी का?

नातं आहे, पण लांबचं. दोन्हींत ओठांच्या थरथरीतून सूर निघतो. ऑर्केस्ट्रातला हॉर्न (बरेच जण ‘फ्रेंच हॉर्न’ म्हणतात) ही पितळेची वेटोळी घातलेली लांब नळी असते. एफ सुरात धरली तर तिची लांबी सुमारे ३.७ मीटर भरते. आजच्या बहुतेक हॉर्नमध्ये बी-फ्लॅटची सुमारे २.७ मीटरची दुसरी नळीही असते, आणि अंगठ्याने व्हॉल्व, म्हणजे हवेची वाट बदलणारी कळ, दाबून एकीवरून दुसरीवर जाता येतं. व्हॉल्व डाव्या हाताने चालवायचे आणि उजवा हात घंटेसारख्या उघड्या तोंडात, म्हणजे बेलमध्ये ठेवायचा. सुराचा रंग आणि त्याचा शेवटचा बारीक मेळ त्या हातावर असतो.

दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढे लागतील. एक म्हणजे बेलचं तोंड मागे असतं. आमचा आवाज आधी मागच्या भिंतीवर आदळतो आणि मग श्रोत्यांकडे येतो, म्हणून आम्हाला केसभर आधी वाजवावं लागतं. दुसरी म्हणजे नळी लांब असल्यामुळे वरच्या पट्टीत एकही व्हॉल्व न बदलता शेजारी शेजारी बरेच सूर मिळतात. कोणता लागणार हे ओठ ठरवतात. ओठ जरासा चुकला की शेजारचा सूर लागतो किंवा सूर फुटतो, आणि ते शेवटच्या रांगेपर्यंत कळतं. हॉर्नवाल्यांचा धीटपणा आणि धास्ती दोन्ही इथूनच येतात.

बरं, मग हॉर्नवाल्यांना ही सिंफनी एवढी का आवडते?

‘हॉर्नला भरपूर काम आहे म्हणून’ असं सोपं उत्तर देता येईल. पण भरपूर काम स्ट्राउसमध्ये आहे, माहलरमध्येही आहे. या सिंफनीत निराळं घडतं.

पहिल्या भागाची सुरुवात संथ आहे. लाकडी फुंकवाद्यं आणि हॉर्न एक लहानसा चढता आकार एकमेकांकडे देत जातात, धुक्यात दिवे लागत जावेत तसा. मग वेग वाढतो आणि मुख्य धून येते. ती पहिल्यांदा कोण वाजवतं? चार हॉर्न. व्हायोलिन नाहीत, ट्रंपेट नाहीत. आम्ही वाजवल्यावर मग ट्रंपेट, लाकडी वाद्यं आणि तंतुवाद्यं तीच धून आमच्या पाठोपाठ म्हणतात. ऑर्केस्ट्रात हॉर्नला बहुतेक वेळा भरणा करायचा असतो. मधले सूर धरायचे, दुसऱ्यांच्या धुनेला अस्तर लावायचं आणि पानभर विराम मोजायचे. इथे पहिलं वाक्य बोलायला आम्हाला सांगितलेलं आहे. बाकीची मंडळी ते आमच्याकडून उचलतात.

पण माझ्या मते खरी जागा त्याच्या पुढची आहे. त्याच भागात सगळं शांत होतं, वेग पार उतरतो आणि तंतुवाद्यं दुसरी धून सुरू करतात. सिंफनीतली सगळ्यांना ठाऊक असलेली धून हीच. तेवढ्यात एकटा हॉर्न एक वेगळी सुरावट गायला लागतो. ती व्हायोलिनच्या धुनेची साथ नाही, तिचा प्रतिध्वनीही नाही. तिला स्वतःची चाल आहे, स्वतःचा श्वास आहे. व्हायोलिन थांबतात तिथे ती पुढे सरकते, व्हायोलिन वर जातात तेव्हा ती वळते. आपल्या मैफिलीत गायक आणि संवादिनीवाला असतात, त्यात पुढे कोण आणि मागे कोण हे ठरलेलं असतं. इथे तसं नाही. दोन माणसं एकाच वेळी दोन निरनिराळ्या गोष्टी सांगतायत आणि दोन्ही मिळून एकच गोष्ट होते, असं ऐकू येतं.

आणि हॅन्सन ती सुरावट तिथेच सोडून देत नाहीत. दुसऱ्या भागाची दुसरी धून याच हॉर्नच्या सुरावटीतून घडवली आहे. पहिल्या भागात बाजूने वाहिलेलं पाणी दुसऱ्या भागात नदी होऊन येतं. म्हणजे रचनाकाराच्या लेखी ती सजावट नव्हती. सगळ्या रचनेचं बी तिथे पेरलेलं होतं, आणि ते पेरायला त्यांनी हॉर्नला निवडलं. हे कळल्यावर ती ओळ वाजवताना हाताला घाम येतो.

चौघांनी एकच धून वाजवण्यात विशेष काय? मोठा आवाज एवढंच ना?

आवाज वाढतो, पण चौपट होत नाही. बदलतो तो पोत. चार जणांचे सूर अगदी एका रेषेत आले की स्वतःचा सूर स्वतःला ऐकू येईनासा होतो. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी घाबरलो होतो. वाटलं, वाजायचं बंद झालंय आपलं. शेजारच्या दुसऱ्या हॉर्नवाल्या बाईंनी नंतर सांगितलं, ‘तसं झालं म्हणजे बरोबर झालं.’

हॉर्नच्या विभागात सहसा पहिला आणि तिसरा वरच्या सुरांत वाजवतात, दुसरा आणि चौथा खालच्या. प्रत्येकाचा ओठ, माउथपीस आणि सराव आपापल्या पट्टीला घडलेला असतो. एकच धून चौघांनी म्हणायची म्हटली की खालच्या पट्टीवाल्यांना वर चढावं लागतं आणि वरच्यांना दबून राहावं लागतं. हॅन्सन यांच्या मुख्य धुनेत हे सगळं पहिल्या काही सेकंदांत साधायचं असतं, आणि तेही बराच वेळ थांबून थंड झालेल्या ओठांनी नव्हे, संथ सुरुवात वाजवून झाल्यावर. ही त्यांची मेहेरबानी आहे. सुरुवातीचे ते लहान आकार म्हणजे आमच्यासाठी भर कार्यक्रमातला रियाझच.

म्हणजे मजा पहिल्या हॉर्नची. बाकीच्यांचं काय?

एकट्याच्या ओळी पहिल्याकडे जातात हे खरं. पण मी तिसरा वाजवतो आणि मला या सिंफनीत एकदाही उपरं वाटलं नाही. तिसऱ्या भागाची सुरुवात पाहा. तंतुवाद्यं आणि लाकडी वाद्यं एक जोमदार ठेका धरतात आणि त्यावर पुन्हा चारही हॉर्न मुख्य धून घेऊन येतात. पहिल्या भागातल्या धुनेची ती सख्खी बहीण आहे. म्हणजे सिंफनीच्या दोन मोठ्या दारांवर आम्ही चौघंही उभे आहोत. चौथ्या हॉर्नवाल्याला अशी मोकळी धून वर्षातून किती वेळा मिळते, हे कुठल्याही चौथ्या हॉर्नवाल्याला विचारा.

वाजवायला किती अवघड आहे?

बोटांना फारशी नाही. ओठांना आणि दमाला आहे. मोठ्याने वाजवायच्या जागा एकामागून एक येतात आणि त्यांच्यानंतर लगेच हळुवार, उघडी पडलेली ओळ येते. जड सामान चार मजले चढवून लगेच सुईत दोरा ओवायला सांगावं, तसं.

स्वरपट्टीचंही आहे. सिंफनीचं घर डी-फ्लॅट मेजर, म्हणजे डी-फ्लॅट हा तिचा सा. हॉर्नसाठी लिहिलेला सूर प्रत्यक्षात पाच पायऱ्या खाली ऐकू येतो, म्हणून आमच्या कागदावर ते ए-फ्लॅट होतं, चार फ्लॅटचं. हॉर्नला ती सोयीची आहे आणि तिचा रंगही गडद आहे. व्हायोलिनवाल्यांना मात्र डी-फ्लॅटमध्ये मोकळ्या तारांचा आधार फारसा मिळत नाही, आणि मला वाटतं त्यामुळेच त्यांचा आवाज इथे थोडा झाकलेला, मऊ राहतो. त्या मऊपणात हॉर्न छान मिसळतो.

तिसऱ्या भागाच्या मध्यावर एक जागा आहे, तिची धास्ती सगळ्यांना असते. व्हायोला, चेलो आणि बास तारा नुसत्या छेडत असतात आणि त्या टिपटिपीवर हॉर्नची हाक येते. आजूबाजूला लपायला काहीही नाही. नंतर ट्रंपेटची तुतारीवजा ललकारी तिला तोडते, मग हॉर्न आणि लाकडी वाद्यंही तीच ललकारी उचलतात आणि सगळं पुन्हा पेटतं. पण त्याआधीची ती हाक... तालमीच्या आदल्या आठवड्यात आमचे पहिले हॉर्नवाले रोज स्वयंपाकघरात तेवढीच वाजवायचे, असं त्यांच्या घरच्यांनी सांगितलं.

हॅन्सन कोण होते?

२८ ऑक्टोबर १८९६ रोजी नेब्रास्का राज्यातल्या वाहू नावाच्या लहान गावात त्यांचा जन्म झाला. आईवडील स्वीडिश. पियानोचे पहिले धडे आईकडे. शिक्षण न्यूयॉर्क आणि शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात, मग कॅलिफोर्नियात शिकवायला. १९२१मध्ये रोमच्या अमेरिकन अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि ते इटलीत राहिले. त्यांची पहिली सिंफनी, ‘नॉर्डिक’, १९२३मध्ये रोमलाच सादर झाली. तिथे इटालियन संगीतकार रेस्पिगी यांच्या वाद्यरचनेचा त्यांच्यावर परिणाम झाला. ग्रीग आणि सिबेलियस हे उत्तर युरोपातले संगीतकार तर रक्तातलेच.

१९२४मध्ये जॉर्ज ईस्टमन यांनी त्यांना रॉचेस्टरच्या ईस्टमन स्कूल ऑफ म्युझिकचे संचालक केलं. हे ईस्टमन म्हणजे कोडॅकचे संस्थापक. आपल्याकडे लग्नाच्या अल्बमपासून शाळेच्या ग्रुप फोटोपर्यंत ज्यांच्या पिवळ्या डब्यातला रोल वापरला, तेच. हॅन्सन तिथे ४० वर्षं, १९६४पर्यंत होते. १९२५पासून त्यांनी फक्त अमेरिकी संगीतकारांच्या नव्या रचनांचे कार्यक्रम सुरू केले. विल्यम ग्रँट स्टिल यांची ‘आफ्रो-अमेरिकन सिंफनी’ १९३१मध्ये पहिल्यांदा वाजली ती रॉचेस्टरमध्ये, हॅन्सन यांच्याच हाताखाली. १९४४मध्ये त्यांच्या चौथ्या सिंफनीला पुलित्झर मिळालं. २६ फेब्रुवारी १९८१ रोजी रॉचेस्टरमध्ये ते वारले.

दुसऱ्यांच्या रचना वाजाव्यात म्हणून ज्यांनी आयुष्य घातलं, त्यांच्या रचना आज कार्यक्रमपत्रिकेत शोधाव्या लागतात. मला याचं वाईट वाटतं.

एवढी चांगली आहे तर वाजत का नाही?

कारणं बरीच आहेत. पहिलं काळाचं. १९३०मध्ये जाणकारांचा कल स्ट्राविन्स्की यांच्या नव-अभिजात, कोरड्या, टोकदार शैलीकडे होता. हॅन्सन यांना हे पक्कं माहीत होतं. सिंफनीसोबतच्या टिपणात त्यांनी लिहिलं की ही रचना म्हणजे आजच्या कडवट वास्तववादापासून त्यांची सुटका आहे. रोमँटिसिझम ही सध्या मानमरातब नसलेली गरीब सावत्र मुलगी आहे, तरीही आपण तिला अधिकच प्रेमाने जवळ करतो, असंही ते म्हणाले. म्हणजे त्यांनी प्रवाहाविरुद्ध जायचं ठरवून ही लिहिली. महायुद्धानंतर विद्यापीठांमधून बारा सुरांच्या गणिती रचनेला वजन आलं आणि गाता येईल अशी धून लिहिणारा संगीतकार मागासलेला ठरू लागला. हॅन्सन यांच्यावर ‘जुन्या वळणाचे’ असा शिक्का बसला आणि तो टिकला.

दुसरं कारण अगदी व्यवहाराचं आहे आणि त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. संध्याकाळच्या कार्यक्रमाचा साचा ठरलेला असतो. आधी दहा मिनिटांची छोटी रचना, मग अर्ध्या तासाचा कॉन्चेर्टो, म्हणजे एका वादकाला पुढे ठेवून लिहिलेली रचना, मध्यंतर, आणि शेवटी ४० मिनिटांची मोठी सिंफनी. २८ मिनिटांची ‘रोमँटिक’ मध्यंतरानंतर एकटी पुरत नाही आणि सुरुवातीला फार मोठी होते. तिला बसवायचं तर सगळा कार्यक्रम तिच्याभोवती आखावा लागतो. त्यासाठी तिच्यावर प्रेम असलेला कंडक्टर लागतो.

तिसरं, ‘अमेरिकी रचना हवी’ म्हटलं की हात कोपलंड, गर्श्विन, बार्बर यांच्याकडे जातो. तिकिटंही त्यांच्यावर खपतात.

आमच्या इथे एकदा ती हंगामात ठरली होती. चौघांनीही आपापले नोटेशनचे कागद मागवून सराव सुरू केला. मग कोणाला तरी तिकिटविक्रीची काळजी वाटली आणि तिच्या जागी श्रोत्यांच्या ओळखीची सिंफनी आली. ती वाजवायलाही आम्हाला आवडलीच असती, पण त्या दिवशी तालमीनंतर हॉर्नचे चौघं पार्किंगमध्ये अर्धा तास नुसते उभे होतो. पुढे तीन वर्षांनी ती पुन्हा ठरली, आणि या वेळी वाजलीही.

ती गोड गोड, सिनेमाच्या पार्श्वसंगीतासारखी आहे असं लोक म्हणतात. तुम्हाला पटतं?

क्रम उलटा आहे. १९३०मध्ये बोलपटाला जेमतेम तीन वर्षं झाली होती आणि हॉलिवूडचं भरघोस ऑर्केस्ट्राचं पार्श्वसंगीत अजून जन्मायचं होतं. हॉर्नच्या उंच झेपा, खालून उसळणारी तंतुवाद्यं हे नंतर पडद्यावर इतकं ऐकलं गेलं की आता मूळच उसनं वाटतं. गोडपणाचं म्हणाल तर हो, आहे. तो लपवायचा प्रयत्न रचनेत कुठेही नाही. एक दोष मीही मानतो. पहिल्या भागाच्या मध्यावर, धुनांची उलटापालट होते तिथे, जोड काही ठिकाणी उघडे दिसतात. कंडक्टर घाईत असेल तर ते जास्तच जाणवतात. पण शेवटच्या भागात सगळ्या धुना एकत्र येतात तेव्हा हा हिशेब मी विसरतो.

सिनेमाचा विषय निघालाच आहे. ‘एलियन’शी तिचा काय संबंध?

रिडली स्कॉट यांच्या १९७९च्या ‘एलियन’ चित्रपटाच्या अगदी शेवटी, सगळं संपून यान शांतपणे अवकाशातून जातं आणि श्रेयनामावली येते, तिथे या सिंफनीचा पहिला भाग वाजतो. चित्रपटाचं संगीत जेरी गोल्डस्मिथ यांचं, आणि शेवटासाठीही त्यांनी स्वतःचं संगीत लिहिलं होतं. ते बाजूला ठेवून हॅन्सन यांचा तुकडा वापरला गेला. लाखो लोकांनी ही सिंफनी ऐकली आहे, पण कोणाची आहे हे त्यांना ठाऊक नाही. दोन तास भीतीने गोळा झालेलं अंग या धुनेवर सैल होतं, हे मात्र चित्रपटाने बरोबर ओळखलं होतं.

इंटरलॉकनची परंपरा काय आहे?

मिशिगन राज्यात इंटरलॉकन इथे दोन तळ्यांच्या मध्ये मुलांचं संगीत शिबिर भरतं. जोसेफ मॅडी यांनी ते १९२८मध्ये सुरू केलं. सिंफनी नवी असतानाच हॅन्सन तिथे आले आणि मुलांकडून त्यांनी ती वाजवून घेतली. पहिल्या भागातली ती दुसरी धून, म्हणजे हॉर्न जिच्यासोबत गातो तीच, शिबिराची धून झाली. आजही तिथे कार्यक्रम संपताना ती वाजते. कंडक्टर बाजूला होतो, वादकांपैकीच एकजण पुढाकार घेतो, आणि संपल्यावर टाळ्या वाजवायच्या नाहीत असा रिवाज आहे. सगळे तसेच शांतपणे उठतात.

अमेरिकेतल्या कित्येक व्यावसायिक वादकांचं लहानपण त्या शिबिरात गेलंय. मोठ्या ऑर्केस्ट्रांनी ही सिंफनी विसरली तरी ती मेली नाही, याचं एक कारण हे आहे. पंधराव्या वर्षी जी धून वाजवून मित्रांचा निरोप घेतला, ती माणूस विसरत नाही. हॅन्सनही विसरले नाहीत. १९७७मध्ये शिबिराच्या पन्नासाव्या हंगामासाठी त्यांनी सातवी सिंफनी लिहिली, समुद्रावरची, वॉल्ट व्हिटमन यांच्या शब्दांवर. तिच्या शेवटाकडे ही धून परत येते. तेव्हा ते ऐंशीचे होते.

कोणतं रेकॉर्डिंग ऐकू?

आधी हॅन्सन यांचं स्वतःचं. ईस्टमन-रॉचेस्टर ऑर्केस्ट्रासोबत १९५८मध्ये मर्क्युरी कंपनीसाठी केलेलं. ती मंडळी मोजकेच माइक वापरायची, त्यामुळे सभागृहात बसल्यासारखं ऐकू येतं, हॉर्न मागून आणि भिंतीवरून येतात. वेग चपळ आहे. रचनाकाराला भावनेत लोळण घेणं मंजूर नव्हतं, हे त्यातून कळतं.

मग जेरार्ड श्वार्ट्झ यांचं सिएटल सिंफनीसोबतचं. १९८०च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या या रेकॉर्डिंगने हॅन्सन यांच्याकडे पुन्हा लक्ष वेधलं. ब्रासचा आवाज भरदार आहे. लेनर्ड स्लॅटकिन यांचं सेंट लुईस सिंफनीसोबतचं आहे, आणि चार्ल्स गेरहार्ट यांचं लंडनमध्ये केलेलं. आमच्या विभागात गेरहार्टचे भक्त दोन, हॅन्सनचे दोन. मी हॅन्सनच्या बाजूचा.

पाश्चात्त्य संगीत कळत नाही. कुठे कान द्यायचा?

एकाच सुराच्या मागे जा. हॉर्नच्या. सुरुवातीच्या धुक्यात तो ओळखून ठेवा. वेग वाढल्यावर चौघांची धून ऐका. मग सगळं मंदावलं की व्हायोलिन काय गातायत त्याच्याकडे मुद्दाम दुर्लक्ष करा आणि त्यांच्या पोटातला हॉर्न पकडा. एकदा नाही सापडला तर मागे घेऊन पुन्हा ऐका. तो सापडला की दुसऱ्या भागात भेटेल तेव्हा तुम्हीच ओळखाल. शेवटी ट्रंपेट पहिल्या भागाची मुख्य धून घेऊन येतील आणि तिच्या मागोमाग ती शांत धून, आता पूर्ण ताकदीने. मावशीला मी एवढंच सांगितलं होतं. तिने फोनवर मला हॉर्नची ओळ गुणगुणून दाखवली, व्हायोलिनची नाही.

मुंबईत ऐकायला मिळेल का? भारतात नोटेशन मिळतं का?

मुंबईत एनसीपीएमध्ये २००६पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. ‘रोमँटिक’ला लागणारा ताफा, म्हणजे चार हॉर्न, तीन ट्रंपेट, तीन ट्रॉम्बोन, ट्युबा, हार्प वगैरे, अशा ऑर्केस्ट्राच्या आवाक्यातला आहे. रसिकांनी मागणी करत राहावं, एवढं नक्की करता येईल.

नोटेशनबाबत सावध राहा. भारतीय कायद्यानुसार हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. हॅन्सन १९८१मध्ये वारले, म्हणजे २०४१च्या अखेरपर्यंत ही सिंफनी हक्काधीन आहे. इंटरनेटवर सापडलेल्या प्रतीवरून जाहीर कार्यक्रम करू नका, प्रत्येक वाद्याचं नोटेशन रीतसर मागवा.

आमच्या ऑर्केस्ट्रात बसवायची आहे. किती हॉर्नवाले बोलवू?

पाच. नोटेशन चारच हॉर्नसाठी लिहिलेलं आहे, पण पहिल्या हॉर्नशेजारी एक सहायक बसवा. अमेरिकेत ही पद्धत सर्रास आहे. मोठ्याने वाजवायच्या जागी सहायक पहिल्याच्या काही ओळी वाजवतो आणि पहिल्याचे ओठ एकट्याच्या ओळींसाठी ताजे राहतात. तिसऱ्या भागात चारही हॉर्नची धून संपल्यापासून ती छेडलेल्या तारांवरची हाक येईपर्यंत पहिल्याला होईल तेवढं गप्प बसू द्या. विभागाच्या मागे पडदा किंवा गालिचा नको, लाकडी भिंत असू द्या. आणि तालमीत ती संथ धून पहिल्यांदा येईल तेव्हा व्हायोलिनवाल्यांना एकदा थांबवून फक्त हॉर्नची ओळ ऐकवा. आमच्या कंडक्टरनी तेच केलं होतं. नंतर व्हायोलिन आपोआप हलक्या झाल्या, कोणी सांगावं लागलं नाही.